कोपऱ्यावरच्या दुकानासमोर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील एका सभासद भगिनीचे भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



‘ताई, तुम्ही एखाद्या आवडत्या नाटकावर अर्धा तास बोला’ असं मला सांगण्यात आलं, तेव्हा सांगणाऱ्यांच्या मनात पु. ल. असणार हे मला कळत होतं. गणपतीत आपण त्यांचेच प्रवेश करत आलो आहोत आणि पुढेही करू. पण आज मी एक अमेरिकन नाटक निवडलंय. का, ते लपवत नाही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत शेवटून दुसरा विषय आहे: ‘मुख्य प्रवेशद्वारालगतचा कट्टा तोडून त्या जागी दुचाकी वाहनांसाठी पार्किंग करणे.’ सभेत प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात, त्यातली दोन आवाज चढवण्यात जातात. इथे माझ्याकडे अर्धा तास आहे, माईक आहे, आणि खाली चहा उकळेपर्यंत तुम्हाला उठता येणार नाही.

नाटकाचं नाव ‘सबर्बिया’, लेखक एरिक बोगोसियन. इंग्रजीत हे नाव छापताना पहिलं अक्षर लहान काढतात आणि मधलं ‘यू’ मोठं. त्यामुळे ‘सब’ वेगळा दिसतो आणि ‘अर्बिया’ वेगळा. शहर आहे, पण जरा खालच्या दर्जाचं. आपण ‘उपनगर’ म्हणतो, त्यातला ‘उप’ही तसाच. त्या ‘उप’चं दुःख काय असतं ते आपल्या उपाध्यक्षांना विचारा.

१९९४ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या मित्झी न्यूहाउस या छोट्या थिएटरात रॉबर्ट फॉल्सने ते पहिल्यांदा बसवलं. दोनच वर्षांनी रिचर्ड लिंकलेटरने त्यावर सिनेमा काढला, पटकथा बोगोसियनचीच. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये ते पुन्हा रंगभूमीवर आलं. मी आधी सिनेमा पाहिला आणि मग नाटक वाचलं. आज बोलणार आहे ते मुख्यतः नाटकाबद्दल.

आपल्या नाटकांत पडदा उघडला की दिवाणखाना दिसतो. सोफा, आत जायचं दार, वर जाणारा जिना. इथे घरच नाही. समोर आहे सेव्हन-इलेव्हन नावाचं रात्रभर उघडं असणारं दुकान, आणि दुकानासमोर गाड्या लावायची डांबरी जागा. बस. सगळं नाटक त्या डांबरावर, एका रात्रीत घडतं. गावाचं नाव बर्नफील्ड. ते नकाशावर सापडणार नाही, पण बोगोसियन बॉस्टनजवळच्या वोबर्न नावाच्या गावात वाढला, आणि बर्नफील्डच्या मागे तेच उभं आहे.

त्या जागेवर येऊन बसणारी मुलं विशीतली, शाळा संपून दोन-तीन वर्षं झालेली. जेफ त्यातला विचारी. जगाचं काय चुकतंय हे त्याला सगळं दिसतं, फक्त उद्या सकाळी उठून काय करायचं ते ठरत नाही. त्याची मैत्रीण सूझ. तिला न्यूयॉर्कला जाऊन कला शिकायची आहे. ती जाणार हे प्रेक्षकांना पहिल्या काही मिनिटांतच कळतं, जेफला मात्र शेवटपर्यंत पटत नाही. बफ हा ग्रुपमधला विदूषक, प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. टिम हवाई दलात भरती झाला होता, तिथे बोटाला इजा झाली आणि परत आला. आता त्याच्या हातात बाटली असते आणि जिभेवर विष. आणि सूझची मैत्रीण बी-बी. ती आजाऱ्यांची शुश्रूषा करायच्या कामावर आहे आणि व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन आलेली आहे. हे नाव लक्षात ठेवा.

त्या रात्री गावात पोनी येणार असतो. पोनी शाळेत यांच्याबरोबर होता, तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. आता त्याच्या बँडचं थोडंफार नाव झालंय. तो लांबलचक लिमोझीनमधून येतो, सोबत एरिका नावाची, त्याची प्रसिद्धी सांभाळणारी श्रीमंत घरची मुलगी. ती गाडी त्या डांबरावर येऊन थांबते आणि इतका वेळ एकमेकांच्या बरोबरीने बसलेली मुलं एकदम लहान-मोठी दिसायला लागतात. आपल्याकडे कुणाचा मुलगा सिंगापूरहून चार दिवसांसाठी येतो, खाली कट्ट्यावर सगळ्यांना भेटतो, ‘अरे, तू अजून इथेच?’ असं अगदी प्रेमाने विचारतो, आणि त्यानंतर दोन दिवस कट्टा गप्प असतो. ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको.

अस्वस्थ तरुणांची नाटकं त्याआधीही होती. १९५६ साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात जॉन ऑसबर्नचं ‘लुक बॅक इन अँगर’ आलं, त्यात एक तरुण तोंड टाकत असतो आणि बायको इस्त्री करत असते. आपल्याकडे एलकुंचवारांचं ‘गार्बो’ आहे. पण त्या दोन्ही नाटकांत मुलांना चिडायला निदान एक खोली आहे. चार भिंती, एक दार, लागलं तर आपटायला. बोगोसियनच्या मुलांना दारच नाही. त्यांना दुसऱ्याच्या दुकानापुढे चिडावं लागतं, आणि दुकानदार केव्हाही बाहेर येऊन ‘इथून उठा’ म्हणू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, त्यांना घरं नव्हती का? होती की, चांगली ऐसपैस. पण सिनेमात जेफ राहतो कुठे, तर आईवडिलांच्या गॅरेजमध्ये तंबू ठोकून! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले होते. नंतर आपल्या इमारतीतले किती जण हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपून मोठे झाले ते मोजायला लागले, आणि हसू ओसरलं. वन बीएचकेमध्ये पंचवीस वर्षांच्या मुलाचा ‘तंबू’ म्हणजे त्याचे हेडफोन.

अमेरिकेतल्या उपनगरांचा जन्म थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय ते दुकान कळत नाही. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परत आले, त्यांना सरकारच्या हमीवर घरकर्ज मिळू लागलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट या बिल्डरने बटाट्याच्या शेतांमध्ये १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांवर घरं बांधली, एका साच्यातून काढल्यासारखी. गावाला नाव दिलं लेव्हिटटाउन. आपले बिल्डर अजून इमारतीला आईचं नाव देऊन थांबतात, हा माणूस अख्ख्या गावाला स्वतःचं देऊन मोकळा झाला. आणि सुरुवातीच्या करारात एक कलम होतं, की गोऱ्यांखेरीज दुसऱ्या कुणाला या घरात राहू द्यायचं नाही, घरगड्यांचा अपवाद सोडून. हे कलम डोक्यात असू द्या, पुढे दुकानदार येणार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे घरांचा भाग वेगळा आणि दुकानांचा वेगळा. असे विभाग पाडायचा नगरपालिकांचा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ सालीच मान्य केला होता. त्यामुळे खालच्या गाळ्यात वाणी, शेजारी इस्त्रीवाला, कोपऱ्यावर चहाची टपरी, हा जो आपला संसार आहे तो तिथे नाही. दुधाची पिशवी आणायलासुद्धा गाडी काढायची. लहान मुलांसाठी अंगण काढलं, मोठ्यांसाठी दिवाणखाना काढला, गाडीसाठी गॅरेज काढलं. सतरा ते पंचविशीतल्या मुलांसाठी आराखड्यात काहीच काढलेलं नव्हतं.

मग ती कुठे जाणार? जिथे दिवा लागलेला आहे तिथे. सेव्हन-इलेव्हनची सुरुवात १९२७ साली टेक्सासमधल्या डॅलसला बर्फ विकणाऱ्या कंपनीतून झाली. बर्फाबरोबर दूध, अंडी, पाव ठेवायला लागले आणि लोकांची सोय झाली. सकाळी सात ते रात्री अकरा उघडं, म्हणून १९४६ साली हे नाव पडलं. पुढे बऱ्याच ठिकाणी ती चोवीस तास उघडी राहू लागली. भारतातलं त्यांचं पहिलं दुकान ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या अंधेरीत उघडलं, तेव्हा मी मुद्दाम पाहायला गेले होते. आत सगळं लखलखीत. मी मात्र बाहेर कुणी बसलंय का ते बघत होते.

दुकानापुढे बसलेल्या मुलांचं करायचं काय, हा प्रश्न दुकानदारांना फार पूर्वीपासून पडलेला आहे. १९८०च्या दशकाच्या मध्याला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात सेव्हन-इलेव्हनच्या काही दुकानांनी एक युक्ती काढली. बाहेर स्पीकर लावून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत सुरू केलं, म्हणजे मुलं कंटाळून उठतील. पुढे २००५ साली वेल्समध्ये ‘मॉस्किटो’ नावाचं यंत्र निघालं. त्याचा आवाज इतका बारीक, की वय वाढलं की तो कानाला लागत नाही, फक्त तरुणांना टोचतो. म्हणजे तुम्ही-आम्ही खाली उभे राहिलो तर आपल्याला काहीच होणार नाही, आणि आपली मुलं कानात बोटं घालून पळतील. याची किंमत काय आणि कुठे मिळतं, हे कृपया कमिटीने मला विचारू नये.

आता दुकानदार. नाटकात त्याचं नाव नॉर्मन चौधरी. पाकिस्तानातून आलेला, या मुलांपेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठा. गल्ल्यावर त्याच्याबरोबर पाकीझा असते. १९६५ साली अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि आपल्या उपखंडातल्या लोकांना तिथे जायची वाट मोकळी झाली. आधी डॉक्टर-इंजिनियर गेले, मागून नातेवाईक गेले, कुणी मोटेल घेतलं, कुणी पेट्रोल पंप, कुणी असं दुकान. ज्या उपनगरांच्या करारात काळ्या-सावळ्यांना फक्त घरगडी म्हणून जागा होती, तसल्या उपनगरात आता गल्ल्यावर सावळा माणूस मालकासारखा उभा आहे, आणि गोरी मुलं बाहेर जमिनीवर बसलेली आहेत. बोगोसियनने हे चित्र नुसतं समोर ठेवलंय, त्यावर भाषण केलेलं नाही. ते माझ्याकडे ठेवलं. लिंकन सेंटरच्या त्या प्रयोगात नॉर्मनचं काम मुंबईत जन्मलेल्या फिरदौस बामजी या नटाने केलं होतं. सिनेमात पात्राचं नाव नझीर झालं आणि काम अजय नायडूने केलं.

नॉर्मन मुलांना उठवायला येतो. त्याचं काही चुकत नाही. त्याला गिऱ्हाईक हवंय, दारातल्या बाटल्या, सिगारेटी, आरडाओरडा नकोय. पोलिसांना बोलवीन म्हणतो. मुलं हसतात. मग टिम त्याच्या रंगावरून, देशावरून, बोलण्याच्या ढबीवरून त्याला बोलायला लागतो. प्रकरण हातघाईवर येतं आणि पिस्तूल बाहेर निघतं. त्या भांडणातच नॉर्मन सांगून टाकतो की मी शिकतोय, इंजिनियर होणार, थोड्या वर्षांत माझं घर असेल, पोहायचा तलाव असेल, आणि तुम्ही तेव्हाही इथेच उभे असाल. टिम पिसाळतो, कारण हे खरं आहे हे त्याला माहीत आहे.

इथे जरा थांबते. आपल्या गाळ्यात किराणा दुकान चालवणारा मुलगा राजस्थानचा. टाळेबंदीत लिफ्ट बंद असताना त्याने पीठ आणि तेल पाचव्या मजल्यापर्यंत चढवलं, तेही उधारीवर, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. आपला वॉचमन बिहारचा. दोघेही कट्ट्यावरच्या आपल्या मुलांच्याच वयाचे. त्या दोघांना आपली मुलं ‘ए’ म्हणून ज्या सुरात हाक मारतात, तो सूर त्यांनी रस्त्यावर उचललेला नाही. तो जेवणाच्या टेबलावर ऐकलेला आहे. टिमसुद्धा तो कुठूनतरी घरूनच घेऊन आला असणार, पण नाटक आपल्याला ते घर दाखवत नाही.

घर दाखवत नाही, हीच गोष्ट मला या नाटकात सर्वांत जास्त खुपते. नऊ पात्रं आहेत, त्यांत एकाचाही बाप नाही, आई नाही. उल्लेख येतात, माणूस येत नाही. कुणी गाडी थांबवून ‘काय रे, जेवलास का?’ विचारत नाही. कुणी ओरडायलासुद्धा येत नाही. रात्रभरात त्या मुलांशी बोलणारा एकमेव जबाबदार माणूस म्हणजे तो दुकानदार, आणि तो त्यांना हाकलायला आलेला असतो.

मध्यंतरानंतर नाटक काळं व्हायला लागतं. सूझ जायचं ठरवते. टिम आणि एरिका कुठेतरी निघून जातात, टिम एकटाच परत येतो आणि तिचं काहीतरी बरंवाईट केल्यासारखं जेफला भासवतो. नंतर एरिका धडधाकट परत येते, पण मधल्या काळात आपण आणि जेफ दोघेही त्या टिमवर विश्वास ठेवून बसलेलो असतो. जेफची एक लांब तार लागते, सगळं सोडून द्यावं, कपडेसुद्धा टाकावेत, मोकळं व्हावं अशी. तरुण नटांना ते भाषण फार आवडत असणार. मला मात्र त्या वेळी वाटत होतं की अरे बाबा, बोलायचा थांब आणि मागे बघ.

कारण मागे बी-बी आहे. तिला बोलता येत नाही अशातला भाग नाही. मध्ये एकदा ती आपल्या उपचारांबद्दल, घराबद्दल थोडंसं सांगते, आणि समोरचा ऐकतोही, पण तितक्यात कुणीतरी येतं आणि विषय बदलतो. सगळ्यांची नाटकं इतकी मोठ्या आवाजात चाललेली असतात की हिच्या हातात पुन्हा बाटली आलीय, हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे दिसतं सगळ्यांना, पण लक्षात येत नाही. आणि शेवटी, पहाटे, ती निपचित सापडते. दारू आणि गोळ्या. जेफने रात्रभर जगाच्या दुःखाचा हिशेब मांडलेला असतो, टिमने सगळ्यांना धमकावून झालेलं असतं, पोनीने गाणं म्हटलेलं असतं, आणि या सगळ्यांच्या हाताच्या अंतरावर एक मुलगी संपत आलेली असते.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून खिडकीशी गेले होते. खाली कट्ट्यावर आठ-नऊ जण होते. मी मोठमोठ्याने हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही. कोण कडेला बसलंय, कुणाचं तोंड मोबाइलमध्ये आहे पण बोट हलत नाहीये, ते बघत राहिले. तेव्हापासून ती सवयच लागलीय. तुमच्यातल्या काहींना मी गॅलरीत उभी असलेली चोंबडी बाई वाटत असेन, वाटू दे.

आता कट्ट्यावर येते. कमिटीची तक्रार खरी आहे. दोनदा बाटल्या सापडल्या. रात्री साडेअकराला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक गेटवर कापला गेला आणि अर्धा गेटलाच फासला गेला. पहिल्या मजल्यावर दहावीचा अभ्यास चालू होता. सिगारेटचा धूर तळमजल्याच्या बेडरूममध्ये जातो. आणि आमच्याच विंगमधल्या एका मुलीने मला सांगितलं की रात्री ऑफिसमधून आल्यावर त्या घोळक्याच्या नजरेसमोरून गेट ओलांडायचं तिच्या जिवावर येतं. तिचं म्हणणं माझ्या नाटकप्रेमापेक्षा महत्त्वाचं आहे, ते मी बाजूला सारणार नाही. माझा स्वतःचा अनुभव उलटा आहे. साडेदहाच्या गाडीने आले की स्टेशनपासून बंद पेट्रोल पंपापर्यंतच्या अंधारात मी भरभर चालते, आणि गेटवर आपली मुलं दिसली की पाऊल हळू होतं. पण माझं वय छप्पन्न आणि तिचं सव्वीस. दोन्ही अनुभव एकाच कट्ट्याचे आहेत.

नॉर्मनही बरोबर आणि मुलंही बरोबर, असं म्हणून बोगोसियन सुटला. नाटककाराला ती सवलत असते. आपल्याला हात वर करून मत द्यायचंय. म्हणून मी त्या दिवशी एक उपसूचना मांडणार आहे, आत्ताच सांगून ठेवते म्हणजे तिथे तीन मिनिटं पुरतील. कट्टा राहू द्यावा. त्याच्यावर दिवा लावावा, कारण सध्या उजेड आहे तो फक्त वॉचमनच्या केबिनपुरता. अकरानंतर तिथे आवाज नको, धूर कधीच नको, आणि हे सांगायला वॉचमनला पुढे करायचं नाही. तो बिचारा नॉर्मन होईल आणि नोकरी त्याची जाईल. आपण जायचं, आळीपाळीने, खाली उतरून, चपला घालून. आणि सोसायटीचं ऑफिस. दहा बाय पंधराची खोली, पंखा आहे, कॅरम आहे, त्याच्यावर जुने ऑडिट रिपोर्ट ठेवलेले आहेत. महिन्यातून चार दिवस उघडते, किल्ली सेक्रेटरींकडे. ती खोली रोज संध्याकाळी आठ ते अकरा मुलामुलींना द्यावी, किल्लीची सही त्यांच्यातल्याच एकाने करावी. रिपोर्ट माळ्यावर चढवायला मी दोन माणसं आणते.

हो, ‘मुलींना’ म्हटलं मी. आपल्या कट्ट्यावर मुली किती बसतात? मला गेल्या वर्षभरात दोन दिसल्या, त्याही उभ्या. त्या कुठे जातात हे आपण कधी विचारलेलंच नाही. बर्नफील्डमध्ये सूझ आणि बी-बी निदान त्या डांबरावर तरी होत्या.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पाण्याचा टँकर यायचा आणि त्याची वाट पाहत आपण सगळे बादल्या घेऊन जिथे बसायचो, ते म्हणजे हा कट्टा. तेव्हा त्याला फरशी नव्हती, नुसता विटांचा होता. आपल्या ओळखी तिथे झाल्या. पुढे पाण्याचं कनेक्शन आलं आणि आपण वर गेलो. ही आत्ता कट्ट्यावर बसणारी मुलं त्या वेळी आपल्या कडेवर होती, काही तर जन्मलीही नव्हती.

नाटकाच्या अगदी शेवटी, बी-बी सापडल्यावर, नॉर्मन बाहेर येतो आणि जेफवर ओरडतो. तुम्हा लोकांना झालंय तरी काय, सगळं हातात आहे आणि तुम्ही ते फेकून देता, अशा अर्थाचं. त्याचं संतापणं खरं आहे. तो हजारो मैल ओलांडून, दुकान चालवून, अभ्यास करून जे मिळवायला निघालाय, ते या मुलांना जन्मतःच मिळालेलं आहे. पण ओरडता ओरडता त्याचाही आवाज फाटतो, कारण त्याच्याच दुकानासमोर ती मुलगी पडलेली आहे. जेफ उत्तर देत नाही. त्याच्याकडे उत्तर नाही. सूझ गेलेली, आणि तो मात्र होता तिथेच.

नाटकाची प्रत मी ऑफिसमध्ये ठेवली आहे, रजिस्टरमध्ये सही करून न्या. इंग्रजी सोपं आहे, भाषा मात्र शिवराळ आहे, आधीच सांगते, म्हणजे नंतर लेखी तक्रार नको. एकच प्रत आहे, तेव्हा आधी कट्ट्यावरच्यांना नेऊ द्या. त्यांच्यातल्या एकाने मला काल जिन्यात गाठून विचारलं, ‘मावशी, यात शेवटी कोण सुटतं?’ मी त्याला म्हटलं, वाच आणि मला सांग. तो म्हणाला, ‘सभेच्या आधी सांगू की नंतर?’

चहा आला वाटतं. थांबते.